इब्न नफीसच्या नावाने टाळ्या

दर ११ नोव्हेंबरला आमच्या शाळेत जलसा असतो. मौलाना आझादांची जयंती, राष्ट्रीय शिक्षण दिन. मांडव, लाऊडस्पीकर, पाहुण्यांना शाल, मुलांना समोसा. यंदा बाहेरगावचे एक वक्ते बोलावले होते. आवाज चांगला, उर्दू त्याहून चांगली. तासभर बोलले. त्यात ते म्हणाले, की रक्ताभिसरणाचा शोध विल्यम हार्वेने लावला असं तुम्हाला शिकवतात ते खोटं आहे. तो शोध आपल्या इब्न नफीसने चारशे वर्षं आधीच लावला होता, युरोपने तो चोरला आणि आपलं नाव पुसून टाकलं. मांडव टाळ्यांनी दणाणला.

सवयीने मीही टाळी वाजवली. मग लाज वाटली. कारण तिसऱ्या रांगेत आमच्या सातवीतली एक मुलगी बसली होती आणि ती सगळ्यांपेक्षा जोरात टाळ्या वाजवत होती. तिच्या छातीवर मधोमध एक उभा व्रण आहे. तिच्या फुप्फुसांतून किती रक्त वाहतं हे मागच्या वर्षी मोजलं गेलं, म्हणून ती आज शाळेत येते. तिच्याबद्दल पुढे लिहितो. आधी त्या वाक्याचा हिशेब करू.

मी भाषेचा शिक्षक आहे. वर्गात सकाळी उर्दू आणि दुपारी मराठी शिकवतो. वैद्यकाशी माझा संबंध पेशंटपुरता. पण त्या मुलीच्या आजारपणात हॉस्पिटलच्या बाकावर बसून बसून मी या विषयावर जमेल तेवढं वाचलं, आणि त्यातच मला इब्न नफीस खऱ्या अर्थाने भेटला. जलशात ज्याच्या नावाने टाळ्या वाजल्या तो माणूस आणि हा माणूस एक नाहीत. खरा इब्न नफीस जास्त मोठा आहे.

अलाउद्दीन इब्न अल-नफीस तेराव्या शतकाच्या सुरुवातीला, साधारण १२१३ मध्ये, दमास्कसच्या परिसरात जन्मला. तिथे वैद्यक शिकला, पुढे कैरोत गेला, हकीम म्हणून नाव कमावलं. शाफई फिकहचाही तो जाणकार होता आणि मदरशात शिकवायचा. १२८८ मध्ये वारला तेव्हा आपलं घर आणि आपली पुस्तकं कैरोच्या मन्सूरी इस्पितळाला देऊन गेला. तिशी गाठायच्या आत, १२४२ च्या सुमारास, त्याने इब्न सीनाच्या ‘अल-कानून’मधल्या शरीररचनेच्या भागावर एक टीका लिहिली. आपल्याकडे ज्ञानेश्वरीला टीका म्हणतात त्या अर्थाने टीका, म्हणजे भाष्य. पण या भाष्यात त्याने दुसऱ्या अर्थानेही टीका केली.

तेव्हा सगळं जग जालीनूसचं, म्हणजे गॅलेनचं ऐकत होतं. हजार वर्षांहून अधिक काळ. गॅलेन म्हणायचा, की हृदयाच्या उजव्या कप्प्यातलं रक्त मधल्या पडद्यातल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या छिद्रांतून डाव्या कप्प्यात झिरपतं. इब्न सीनानेही तोच रस्ता धरला. इब्न नफीसने लिहिलं, की हा पडदा जाड आणि घट्ट आहे, त्यात दिसणारी वाट नाही आणि न दिसणारीही नाही. मग उजवीकडचं रक्त डावीकडे जातं कसं? त्याचं उत्तर असं: ते हृदयातून निघून फुप्फुसात जातं, तिथे पसरतं, हवेशी मिसळतं आणि दुसऱ्या वाहिनीने डाव्या कप्प्यात परत येतं. दुसरी वाट नाही.

हे विधान बरोबर होतं. आज वैद्यकाच्या पहिल्या वर्षाला जे फुप्फुसीय अभिसरण शिकवतात त्याचं आपल्याला माहीत असलेलं सगळ्यात जुनं लेखी वर्णन हेच. यावर कुणाला शंका असेल तर त्याने वाचावं, वाद घालू नये. आमच्या स्टाफरूममध्ये एक सहकारी आहेत. ते चहा पिता पिता हसत विचारतात, “सर, तुमच्या लोकांनी विज्ञानात केलं तरी काय?” त्यांच्यासाठी हा परिच्छेद.

आता आपल्या लोकांसाठी पुढचे.

इब्न नफीसने ‘रक्ताभिसरणाचा शोध’ लावला नाही. त्याने त्यातला एक टप्पा शोधला, हृदयातून फुप्फुसात आणि फुप्फुसातून परत हृदयात. सगळ्या शरीरातून रक्त फिरून पुन्हा हृदयाकडे येतं, तेच रक्त, पुन्हा पुन्हा, हे त्याने म्हटलेलं नाही. रक्त यकृतात तयार होतं आणि शरीर ते वापरून संपवतं या जुन्या समजुतीतून तो बाहेर पडला नव्हता. उर्दूत रक्ताभिसरणाला ‘दौरान-ए-खून’ म्हणतात. दौर म्हणजे फेरा. इब्न नफीसने फेऱ्याची एक कमान आखली, फेरा पूर्ण केला हार्वेने, १६२८ मध्ये. दोघांचंही काम मोठं आहे. एकाचं दुसऱ्याच्या खात्यावर टाकायची गरज नाही.

आणि चोरी? इब्न नफीसनंतर आणि हार्वेच्या आधी युरोपात दोघांनी हीच फुप्फुसाची वाट मांडली. मिगेल सर्वेट याने १५५३ मध्ये, आणि त्याच वर्षी त्याला धर्मद्रोहाच्या आरोपाखाली जिनिव्हात जिवंत जाळलं. नंतर इटलीचा रिआल्दो कोलोंबो, १५५९ मध्ये. अरबी पुस्तकांचं ज्ञान त्यांच्यापर्यंत पोहोचलं असेल का? असेलही. व्हेनिसच्या आंद्रेआ अल्पागोने इब्न नफीसच्या लेखनाचा काही भाग लॅटिनमध्ये आणला होता, आणि तो १५४७ मध्ये छापलाही गेला. पण फुप्फुसाचा हा विचार त्या वाटेने गेला असं दाखवणारा धागा आजवर कुणाच्या हाती लागलेला नाही. शक्यता आहे, पुरावा नाही. पुराव्याशिवाय कुणावर चोरीचा आळ घेण्याला आपल्या दीनमध्ये एक शब्द आहे, बोहतान. व्यासपीठावरच्या दाढीवाल्या बुजुर्गांनी तो शब्द तेव्हा आठवून द्यायला हवा होता. मलाही आठवला नाही, हे कबूल.

“नाव पुसून टाकलं” हे तर उलटंच आहे. हे नाव पुसलं कुणी? आपण. काही टीकाकारांनी इब्न नफीसच्या मताची नोंद घेतली, पण वैद्यकाच्या रोजच्या शिक्षणात ते रुजलं नाही. पुढे कित्येक शतकं शिष्य ‘कानून’ पाठ करत राहिले आणि त्याची दुरुस्ती करणारं पुस्तक कपाटात पडून राहिलं. १९२४ मध्ये मुहीउद्दीन तातावी नावाचा एक इजिप्शियन तरुण डॉक्टर जर्मनीत फ्रायबुर्गला शिकत असताना बर्लिनच्या ग्रंथालयातल्या हस्तलिखितात त्याला हा मजकूर सापडला. त्यावर त्याने प्रबंध लिहिला. त्याच्या प्राध्यापकांना अरबी येत नव्हती आणि विश्वासही बसत नव्हता, म्हणून त्यांनी तो मॅक्स मायरहोफकडे पाठवला. मायरहोफ कैरोत राहणारा जर्मन ज्यू डोळ्यांचा डॉक्टर, अरबी वैद्यकाचा गाढा अभ्यासक. त्याने ते तपासलं, खरं आहे म्हणून सांगितलं, आणि लेख लिहून जगापुढे आणलं. ज्या शोधाच्या नावाने आपण टाळ्या वाजवल्या तो आपल्याला एका मुस्लीम विद्यार्थ्याने, एका जर्मन ग्रंथालयाने आणि एका ज्यू विद्वानाने मिळून परत दिला आहे. तातावी तर आपलाच. जलशात त्याचं नाव कुणी घेतलं नाही. वक्त्यांना माहीतच नसावं.

मला यापेक्षा जास्त खटकतं ते पुढचं.

हार्वे जिंकला कशामुळे? त्याने गुणाकार केला. हृदय एका ठोक्याला किती रक्त बाहेर टाकतं याचा त्याने मुद्दाम कमीत कमी आकडा धरला. अर्ध्या तासात हजारावर ठोके पडतात हे मोजलं. दोन्हींचा गुणाकार केला तर सगळ्या शरीरात असतं त्याहून जास्त रक्त अर्ध्या तासात हृदयातून जातं असं दिसलं. एवढं रक्त खाल्लेल्या अन्नातून नव्याने बनणं शक्य नाही, म्हणजे तेच रक्त फिरून येत असलं पाहिजे. त्याचा ठोक्यामागचा आकडा आजच्या मानाने फारच कमी होता. फरक पडला नाही. गॅलेनची हजारो पानं एका गुणाकारासमोर टिकली नाहीत. इब्न नफीसने रस्ता बरोबर सांगितला, पण त्या रस्त्याने किती रक्त जातं हा प्रश्न तेव्हा कुणी विचारला नाही.

‘किती’ हा प्रश्न फुप्फुसांबाबत नीट विचारला १८७० मध्ये, जर्मनीतल्या वुर्त्सबुर्गच्या अडोल्फ फिकने. त्याची युक्ती इतकी सोपी आहे की मी ती आठवीच्या मुलांना मोंढ्यातल्या टेम्पोंवरून सांगतो. एका गोदामातून मिनिटाला २५० पोती बाहेर जातात. प्रत्येक टेम्पो येताना १५० पोती घेऊन येतो आणि जाताना २०० घेऊन जातो. म्हणजे एका टेम्पोत भर पडते ५० पोत्यांची. तर मिनिटाला टेम्पो किती गेले? मुलं ओरडतात, पाच. गोदाम म्हणजे फुप्फुस. पोती म्हणजे ऑक्सिजनचे मिलिलिटर. टेम्पो म्हणजे एक लिटर रक्त. निरोगी मोठा माणूस स्वस्थ बसलेला असताना त्याच्या फुप्फुसांतून मिनिटाला जवळपास पाच लिटर रक्त जातं, ते असं मोजतात. गोदामात न शिरता टेम्पो मोजायचे.

अडचण एकच होती. टेम्पो आत येताना त्यात किती पोती होती हे कळायला फुप्फुसात शिरणाऱ्या रक्ताचा नमुना हवा, आणि ते रक्त जिवंत माणसाच्या हृदयातून घ्यायचं कसं? फिकने हिशेब मांडला, प्रयोग स्वतः केला नाही. डेन्मार्कच्या ऑगस्ट क्रोग आणि लिंडहार्ड यांनी १९१२ मध्ये वेगळी वाट काढली. माणसाला नायट्रस ऑक्साइड मिसळलेली हवा हुंगायला दिली आणि फुप्फुसांतून तो वायू रक्तात किती वेगाने नाहीसा होतो त्यावरून रक्ताचा प्रवाह काढला. मग १९२९ मध्ये व्हेर्नर फोर्समान या पंचविशीतल्या जर्मन डॉक्टरने स्वतःच्या दंडाच्या शिरेतून एक बारीक नळी हृदयापर्यंत सरकवली आणि तशीच नळी आत ठेवून, पायऱ्या उतरून, एक्स-रेच्या खोलीत गेला. वरिष्ठांनी खूप सुनावलं. न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू इस्पितळात कुर्नाँ आणि रिचर्ड्स यांनी १९४० च्या दशकात हीच नळी पेशंटसाठी वापरात आणली, आणि फिकचा कागदावरचा हिशेब माणसात खरा केला. तिघांना १९५६ चं नोबेल मिळालं. पुढे १९७० मध्ये टोकाला छोटा फुगा असलेली नळी आली, जी रक्ताच्या धारेबरोबर आपोआप फुप्फुसाच्या धमनीत वाहत जाते. आज सोनोग्राफीसारख्या इकोने आणि एमआरआयनेही बरंच कळतं. तरी काही पेशंटच्या बाबतीत नळी लागतेच.

त्या मुलीच्या बाबतीत लागली.

ती पाचवीत होती तेव्हा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत आलं. पथकातल्या डॉक्टर बाईंनी तिच्या छातीला स्टेथोस्कोप लावला आणि बराच वेळ काढलाच नाही. नंतर मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “सर, हिच्या हृदयात आवाज आहे, लवकर दाखवा.” तिच्या अब्बांना मी त्याच संध्याकाळी भेटलो. ते म्हणाले, “लहानपणी एका डॉक्टरने सांगितलं होतं, मोठी झाली की छिद्र आपोआप बंद होईल.” लहान छिद्रं होतातही बंद. हिचं लहान नव्हतं. मग दम करणाऱ्यांचे फेरे झाले, पाण्याच्या बाटल्या झाल्या, नात्यातल्या एकाने “अपने हकीमों को सब मालूम था” म्हणून काढा सुचवला. चौदा महिने गेले. दुआवर माझा विश्वास आहे. पण दुआ करायला चौदा महिने थांबावं लागत नाही.

हृदयाच्या मधल्या पडद्यात छिद्र होतं. इब्न नफीसने ज्या पडद्यात वाट नाही म्हणून सांगितलं, त्याच पडद्यात. त्याचं म्हणणं निरोगी हृदयाबद्दल होतं, ते बरोबरच आहे. या मुलीच्या हृदयात जन्मतःच वाट राहून गेली होती आणि रक्त उलट बाजूने जात होतं, डावीकडून उजवीकडे. फुप्फुसातून शुद्ध होऊन आलेलं रक्त शरीरात जायच्याऐवजी पुन्हा फुप्फुसात. जिना चढली की ती भिंत धरून उभी राहायची. आम्ही तिला आळशी म्हणायचो. मी म्हणायचो.

मोठ्या शहरातल्या हॉस्पिटलात डॉक्टरांनी सांगितलं, की ऑपरेशनने छिद्र बंद करता येईल, पण उशीर झाला आहे. वर्षानुवर्षं जादा रक्ताचा मारा झाला की फुप्फुसातल्या बारीक रक्तवाहिन्या जाड आणि कडक होतात. त्या फार कडक झाल्या असतील तर छिद्र बंद करणंच जिवावर बेततं. त्या किती कडक झाल्यात हे कळायला फुप्फुसात रक्ताचा दाब किती आहे आणि तिथून रक्त वाहतंय किती, दोन्ही मोजावं लागतं. त्यासाठी जांघेतून नळी घालावी लागेल. तिचे अब्बा उठून बाहेर गेले. बाकावर माझ्याशेजारी बसून म्हणाले, “सर, लडकी जात है.” मी म्हणालो, “भाई, लडकी है, इसीलिए जल्दी करो.” आत तंत्रज्ञ बाई असतील, अंगावर चादर असेल, हे सगळं डॉक्टरांनी समजावलं. त्यात दोन तास गेले. त्या दोन तासांना मी नावं ठेवणार नाही. बापाचं मन आहे.

तपासणीनंतर डॉक्टरांनी कागदावर चार आकडे लिहिले. शरीराकडे जाणारं रक्त, ऑक्सिजन ९७ टक्के. शरीरातून परत येणारं, ६९. फुप्फुसात जाणारं, ८५. फुप्फुसातून बाहेर येणारं, ९७. म्हणाले, “सर, यात फक्त दोन वजाबाक्या आणि एक भागाकार आहे, तुम्हीच करा.” ९७ मधून ६९ गेले २८. ९७ मधून ८५ गेले १२. अठ्ठावीस भागिले बारा, दोन पूर्णांक तीन. शरीरात जितकं रक्त जातंय त्याच्या सव्वादोन पटीहून जास्त तिच्या फुप्फुसातून जातंय. फिकचाच हिशेब. टेम्पोत भर किती पडली त्यावरून टेम्पोंची संख्या. खरं तर ६९ आणि ८५ यांत फरक असायलाच नको. निरोगी माणसात तेच रक्त पुढे जातं. मधे कुठेतरी शुद्ध रक्त मिसळतंय म्हणून आकडा चढला. फुप्फुसाच्या वाहिन्या अजून हाताबाहेर गेलेल्या नव्हत्या. ऑपरेशन झालं. सरकारी योजनेतून झालं, हेही सांगितलं पाहिजे, कारण आपल्या वस्तीत योजनांची माहिती तकरिरींपेक्षा हळू पोहोचते.

आता मला सांगा, त्या मांडवात या मुलीला आपण काय दिलं? सातशे ऐंशी वर्षांपूर्वीचं एक नाव आणि एक खोटी तक्रार.

काही वाचक लगेच लिहितील, मुलांमध्ये आत्मविश्वास यावा म्हणून हे सांगावं लागतं. रोज टोमणे ऐकणाऱ्या पोरांना ताठ मानेने उभं करायला इतिहास लागतो. हा मुद्दा मी हलक्यात घेत नाही. टोमणे मीही ऐकतो, ते वर आलंच आहे. पण खोट्या अभिमानाचं पुढे काय होतं तेही पाहिलंय. आमचा एक माजी विद्यार्थी अकरावी सायन्सला शहरात गेला. वर्गात उभा राहून म्हणाला, हार्वेने चोरी केली. सरांनी विचारलं, कोणत्या पुस्तकात आहे? त्याच्याकडे फॉरवर्ड होता. वर्ग हसला. त्यानंतर त्या पोराने वर्षभर तोंड उघडलं नाही. त्याच्याजवळ खरी गोष्ट असती, १२४२, पडदा, फुप्फुस, तातावी, तर हसणारे गप्प बसले असते. आपण त्याच्या हातात बंदुकीऐवजी दिवाळीची टिकली दिली आणि लढायला पाठवलं.

पुष्पक विमानाच्या गोष्टी विज्ञान म्हणून सांगितल्या जातात तेव्हा आपण व्हॉट्सअॅपवर हसण्याचे स्टिकर टाकतो. तेच आपण उर्दूत करतो तेव्हा सुभानल्लाह म्हणतो. रोग एकच आहे. त्यांच्याकडे तो मोठ्या मांडवात होतो, आपल्याकडे लहान. आपलं नुकसान जास्त, कारण आपल्याकडे वाया घालवायला पोरं आणि पैसा दोन्ही कमी आहेत.

आणखी एक. इब्न नफीसचं मोठेपण कशात होतं? तो ज्या पुस्तकावर भाष्य करत होता त्याचा लेखक इब्न सीना. आदर पुरेपूर. तरी त्याने लिहिलं, की इथे शेख चुकले. आज आमच्या शाळेत आठवीच्या मुलाने उठून “सर, तुम्ही चुकलात” म्हटलं तर आम्ही त्याच्या बापाला बोलावतो. त्या दिवशी मांडवात एखाद्या मुलाने हात वर करून पुरावा मागितला असता तर त्याला बसवलं असतं. कुणी बसवलं असतं? आम्हीच, शिक्षकांनी.

शाळेत प्रयोगशाळा आहे. कुलूप आहे. किल्ली मुख्याध्यापकांच्या ड्रॉवरमध्ये असते, कारण मागे दोन परीक्षानळ्या फुटल्या होत्या. सूक्ष्मदर्शकाच्या भिंगाला बुरशी आली आहे. मालपिगीने १६६१ मध्ये सूक्ष्मदर्शकातून बेडकाच्या फुप्फुसातल्या केशवाहिन्या पाहिल्या, इब्न नफीसने तर्काने सांगितलेला रस्ता पहिल्यांदा माणसाच्या डोळ्यांना दिसला. आमच्या पोरांना तो दिसत नाही, बुरशी दिसते. जलशाचा मांडव, लाऊडस्पीकर, शाली आणि पाहुण्यांची गाडी यांच्या खर्चात स्टेथोस्कोप, रक्तदाबाचं यंत्र आणि डझनभर स्टॉपवॉच येतात. मी दुकानात जाऊन विचारून आलो आहे.

म्हणून मी शाळा समितीला लेखी अर्ज दिला. पुढच्या ११ नोव्हेंबरला भाषण एकच ठेवावं, दहा मिनिटांचं, इब्न नफीसवरच, पण खरं. त्यानंतर आठवीच्या मुलामुलींनी आलेल्या प्रत्येक माणसाची नाडी मोजावी आणि हार्वेचा गुणाकार फळ्यावर करून दाखवावा. पथकातल्या डॉक्टर बाईंना बोलवावं आणि ज्या मुलांना जिना चढताना दम लागतो त्यांच्या छातीला स्टेथोस्कोप लावून घ्यावा. टेम्पोचं गणित त्या सातवीतल्या मुलीने, तेव्हा ती आठवीत असेल, स्वतःच्या चार आकड्यांनी मांडावं. तिला विचारलं तर म्हणाली, “सर, कागद मेरे पास रक्खा हुआ है.”

समितीचे सेक्रेटरी म्हणाले, “कल्पना चांगली आहे सर, पण नुसतं गणित ऐकायला लोक येतील का?”

अर्ज मी आवक नोंदवहीत चढवून घेतला आहे. क्रमांक आणि तारीख माझ्याकडे आहे.